मार्चेगच्या गाडीतल्या मावशी

व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या दोन देशांच्या राजधान्या, पण दोघींमध्ये अंतर जेमतेम साठ किलोमीटर. लग्नानंतरची आमची पहिली काही वर्षं या साठ किलोमीटरांवर गेली. मी व्हिएन्नात पीएच.डी. करत होते आणि नवऱ्याची नोकरी ब्रातिस्लाव्हात होती. २००७ च्या डिसेंबरात स्लोव्हाकिया शेंगेनमध्ये आला, तेव्हापासून त्या सीमेवर गाडी थांबून पासपोर्ट पाहणं बंद झालेलं. येण्याजाण्याला आडकाठी नव्हती, पण घर एक करायचं म्हटलं की परवाना आडवा यायचा. ऑस्ट्रियाच्या परवान्यावर मला स्लोव्हाकियात दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येई, आणि त्याचंही इकडे तसंच. त्यामुळे संसार शनिवार-रविवारचा. शिष्यवृत्तीतून खोलीचं भाडं गेलं की जे उरायचं, त्यात दर आठवड्याचं तिकीट बसवणं सोपं नव्हतं.

तो संसार ज्या तिकिटावर तरला, ते तिकीट मला एका बाईंनी दाखवलं. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावर, यंत्रापुढच्या रांगेत त्या माझ्या मागे होत्या. मी जायचं तिकीट काढतेय हे पाहून त्यांनी खांद्यावरून हात पुढे केला, पडद्यावर दोनदा मागे गेल्या आणि ‘ब्रातिस्लाव्हा तिकीट’ असं लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. जाऊन-येऊन एकच तिकीट, दोन सुट्या तिकिटांपेक्षा बरंच स्वस्त, आणि वर ब्रातिस्लाव्हात उतरल्यावर त्या दिवशीची बस-ट्रामही त्यातच. त्याच दिवशी परतलं पाहिजे अशीही अट नाही. मग त्या माझ्याशेजारीच येऊन बसल्या. मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आले आहे.

व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हाला जायला दोन मार्ग आहेत. एक दक्षिणेकडून, पार्नडॉर्फ आणि किट्झेवरून पेट्रझाल्का स्थानकात जातो. हा मार्ग १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाला. दुसरा मार्चेगवरून मोरावा नदी ओलांडून मुख्य स्थानकात जातो. रेल्वे तिथे १८४८ पासून आहे. नवऱ्याची खोली पेट्रझाल्कात, तेव्हा मला पहिला मार्ग सोयीचा. मावशींचं गाव मात्र कोशित्सेच्याही पुढे, पार देशाच्या पूर्व टोकाला, आणि तिकडची गाडी मुख्य स्थानकातून सुटे. म्हणून चार आठवड्यांतून एकदा मी मार्चेगच्या गाडीत बसायची आणि मुख्य स्थानकावर उतरून ९३ नंबरची बस धरायची. वेळ जास्त जायचा, पण ज्या शुक्रवारी मावशी असत त्या शुक्रवारी मला दुसऱ्या गाडीत बसवतच नसे.

चार आठवड्यांतून एकदाच का, तर मावशी व्हिएन्नात एका आजीबाईंची देखभाल करत. दोन आठवडे अहोरात्र त्यांच्या घरी राहायचं, मग दुसरी बाई येणार आणि यांनी दोन आठवडे आपल्या घरी जायचं. कधी त्या घरून परत निघत, तेव्हा उलट दिशेच्या गाडीत भेटत. ऑस्ट्रियात म्हातारी माणसं आपापल्या घरात शेवटपर्यंत राहू शकतात, ते स्लोव्हाकिया आणि रुमानियातून येणाऱ्या अशा हजारो बायकांच्या जिवावर. २००७ मध्ये त्यांच्या कामाला कायद्याची चौकट मिळाली. त्याआधी वर्षानुवर्षं हे काम चोरूनमारून चालायचं, आणि त्या दिवसांबद्दल मावशी फारसं बोलत नसत.

त्यांच्या पिशवीत एक बारकी वही असे. उभ्या रेघा आखलेल्या, आजीबाईंच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा लिहिलेल्या, रक्तदाबाचे आकडे, आणि कडेला कधी एखादी ओळ, आज खिडकीपर्यंत चालल्या, आज काही खाल्लं नाही. गाडीत बसल्या की आधी ती वही पूर्ण करून मिटत, मग घडीचा चाकू काढून सफरचंद चिरत आणि अर्धं मला देत. दिवाळीत मी सासूबाईंनी पाठवलेले अनारसे नेले तेव्हा त्यांनी खसखशीवरून बोट फिरवलं आणि ही पांढरी कशी, असं विचारलं. त्यांच्याकडची खसखस निळसर काळी, रोलमध्ये भरायची. पुढच्या खेपेला त्यांनी तो रोल करून आणला.

नदी आली की त्या खिडकीकडे सरकत. वसंतात मार्चेगच्या कुरणांत पांढरे करकोचे उतरतात. त्यांची घरटी झाडांवर असतात, आणि मला ते दाखवल्याशिवाय त्या राहत नसत. पूल ओलांडला की मोटारींच्या कारखान्याबाहेर नव्या गाड्यांच्या रांगा दिसू लागत. एकदा तिथेच त्या म्हणाल्या, “या नदीकाठी तारांचं कुंपण होतं. मी तेव्हा शाळेत होते.” १९८९ च्या १० डिसेंबरला ब्रातिस्लाव्हातून लाखभर माणसं पायी सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या हाइनबुर्गला गेली. त्यांत मावशींचा थोरला भाऊ होता.

२०१९ पासून ऑस्ट्रियाने परदेशात राहणाऱ्या मुलांचा कुटुंबभत्ता त्या त्या देशातल्या महागाईप्रमाणे कमी केला. मावशींची मुलगी ब्रातिस्लाव्हात शिकत होती. आई व्हिएन्नात तेच काम करते, तोच कर भरते, आणि लेक नदीपलीकडे राहते म्हणून तिचा भत्ता तोकडा. मला आजही त्याचा संताप येतो. मावशी शांतपणे हिशेब मांडत. मुलीचा रेल्वेखर्च नाही, हे त्या आधी सांगत. स्लोव्हाकियात २०१४ पासून विद्यार्थ्यांना देशातल्या रेल्वेने फुकट जाता येई.

मग २०२० चा मार्च आला. कोरोनामुळे स्लोव्हाकियाने सीमा बंद केली, गाड्या थांबल्या. मी व्हिएन्नात अडकले, मावशीही. त्यांच्या जागी येणारी बाई येऊ शकेना, म्हणून दोन आठवड्यांचं काम कित्येक आठवडे लांबलं. त्यातच नवऱ्याला सणकून ताप भरला. त्याला स्लोव्हाक येई ती दुकानापुरती. मी फोनवर रडले, आणि मावशींनी एकच विचारलं, पत्ता काय. त्यांची मुलगी पेट्रझाल्कातच एका मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहत होती. तिने डॉक्टरांना फोन लावला, नवऱ्याला काय काय होतंय ते इंग्रजीतून विचारून स्लोव्हाकमध्ये सांगितलं, औषधं आणली आणि दाराबाहेर ठेवून घंटी वाजवून जिन्यावर लांब उभी राहिली. त्याने दार उघडून पिशवी उचलल्यावरच ती खाली गेली. संध्याकाळी सूपचा डबा. पहिल्या दिवशी कोंबडीचं होतं. तो शाकाहारी आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून मसुराचं. ताप उतरून तो हिंडूफिरू लागेपर्यंत तो डबा चुकला नाही. पोरगी विशीतली, परीक्षा पुढे, आणि त्या दिवसांत परक्या माणसाच्या दाराशी जायला भलेभले धजत नव्हते. आईने सांगितलं म्हणून ती गेली, आणि पुढे आपल्या मनानेच जात राहिली.

जूनमध्ये सीमा उघडली. मावशी भेटल्यावर मी पाकीट पुढे केलं. औषधांचे पैसे त्यांनी पावती पाहून, सेंटपर्यंत मोजून घेतले. उरलेलं पाकीट मिटून माझ्या पर्समध्ये घातलं आणि सफरचंद चिरायला घेतलं.

२०२२ च्या जूनमध्ये युरोपीय न्यायालयाने ती भत्त्याची कपात बेकायदा ठरवली. मावशींनी मला फोन केला. कापलेले पैसे परत मिळणार होते. आजीबाई तोवर गेल्या होत्या आणि मावशी दुसऱ्या घरी काम पाहत होत्या. आमचंही एव्हाना व्हिएन्नात एकत्र घर झालं होतं. मुलीच्या पदवीदानाला दोघांनी यायचंच, असं त्यांनी सांगितलं. आम्ही मार्चेगच्या गाडीनेच गेलो. त्यांनी आम्हाला घरच्यांच्या रांगेत बसवलं, आणि भावाला माझ्या साडीची ओळख आधी करून दिली, मग माझी. साडीच नेसून ये, असं त्यांनी फोनवर दोनदा बजावलं होतं.