कर्णावरचे वीस मायक्रॉन

मिरकरवाडा बंदरात दुरुस्तीला आलेल्या ट्रॉलरचे शाफ्ट आणि बुश जवळच्या लेथवर येतात. रत्नागिरीतल्या ज्या माणसाविषयी हे लिहायचं आहे, त्याच्या हाती पहिल्यांदा माप आलं ते अशाच एका वर्कशॉपमध्ये. कॅलिपर शाफ्टवरून सरकवायचं आणि बोटांना जाणवणाऱ्या अडकावावरून बुश बसेल की नाही ते सांगायचं. मिस्त्री म्हणत, "जरा जड आहे, अजून एक हात घे." शाळकरी वयातल्या त्याला हा 'जरा' किती, ते हवं होतं. मिस्त्रींच्या बोटांना ते ठाऊक होतं, पण आकड्यात सांगता येत नव्हतं.

आकडे पुढे पॉलिटेक्निकात भेटले. व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग, मायक्रोमीटरवर शंभरावा. मग स्लिप गेजची पेटी उघडली गेली. स्वीडनच्या योहान्सन यांनी १८९६मध्ये कल्पिलेल्या या पोलादी पट्ट्या इतक्या सपाट असतात, की एकमेकींवर दाबून सरकवल्या की चिकटून बसतात. यंत्र कितीही महागडं असो, कुठल्यातरी माहीत असलेल्या लांबीशी ते पडताळलं नाही तर त्याच्या आकड्याला अर्थ नाही, हे त्याने त्या पेटीपाशी पक्कं केलं.

पुण्याजवळच्या भोसरीत नोकरी लागल्यावर त्याने पहिली सीएमएम, म्हणजे तिन्ही अक्षांत मापं घेणारं कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, पाहिली. ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगत सरकणारा पूल आणि खाली उतरणाऱ्या दांड्याच्या टोकाला माणकाचा गोळा. १९५०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये फेरांटी कंपनीने अशा यंत्रांची सुरुवात केली. त्यांना खरं बोट मिळालं ते १९७२मध्ये. कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातल्या बारीक नळ्या मोजताना अडचण येत होती, म्हणून डेव्हिड मॅकमर्ट्री या अभियंत्याने टच-ट्रिगर प्रोब बनवला. आत तीन दांड्या प्रत्येकी दोन आधारांवर टेकलेल्या, त्यांतून वाहणारा बारीकसा विद्युतप्रवाह. स्टायलस, म्हणजे तो गोळा असलेला दांडा, मोजायच्या जॉबला लागला की प्रवाहात खंड पडतो आणि त्याच क्षणी तिन्ही अक्षांचे आकडे नोंदले जातात. स्पर्शाचा आकडा झाला. बंदरावरच्या मुलाला या यंत्राची ओढ का लागली, ते वेगळं सांगायला नको.

आता तो पुन्हा रत्नागिरीत आहे आणि मिरजोळे एमआयडीसीतली मुलं त्याला काका म्हणतात. एका लहान वर्कशॉपमधली जुनी सीएमएम काकांच्या देखरेखीखाली आहे. कोकणात हे यंत्र सांभाळणं सोपं नाही. पावसाळ्यात कॉम्प्रेसर हवेबरोबर पाणीही ओढतो. ड्रायर आणि फिल्टर दमले, की ते पाणी थेट पुलाला तरंगवणाऱ्या एअर बेअरिंगपर्यंत जातं. मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात. ५०० मिलिमीटरचं पोलाद २८ अंशांच्या खोलीत सुमारे ४६ मायक्रॉन वाढतं. एसी बंद पडला की काका मोजणी थांबवतात, मग डिस्पॅच कितीही तुंबलेलं असो.

पण ज्या घोळाची ही गोष्ट, त्यात ना पाणी होतं ना उष्मा. बदलला होता तो फक्त यंत्र चालवणारा पीसी. ग्रॅनाइट पिढी दोन पिढ्या टिकतं. पीसीचं तसं नाही. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला आणि नवा पीसी आला. त्यात सीरियल पोर्ट नव्हता, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावला. कॉम पोर्टचा नंबर बदलला, डोंगलचा ड्रायव्हर नवा घ्यावा लागला, विंडोज मध्येच यूएसबीची वीज तोडत होतं ती सेटिंग बंद केली. या अडचणी गोंगाट करणाऱ्या असतात. यंत्र हलत नाही, स्क्रीनवर लाल पट्टी येते, माणूस मागे लागतो आणि त्या सुटतात.

यंत्र सुरू झालं. होमिंग झालं, प्रोब टेबलावरच्या प्रमाण गोळ्यावर क्वालिफाय झाला, रिंग गेजचं माप एखाददोन मायक्रॉनच्या आत आलं. मुलांनी जॉब मोजायला घेतले.

काका बाहेरगावाहून परतले ते रिजेक्ट जॉबचा ढीग बघायला. एरवी पास होणारे फ्लँज तिरक्या अंतरांवर नापास होत होते. मशीनिंगवाल्यांना दोष देण्याआधी त्यांनी ५०० मिलिमीटरचं लांब स्लिप गेज मागवलं. खोलीच्या तापमानाला येऊ दिलं. मग ते टेबलावर आधी एका कर्णावर, नंतर दुसऱ्या कर्णावर ठेवून मोजलं. एकावर दहा मायक्रॉन जास्त, दुसऱ्यावर दहा कमी. पट्टी तीच, फरक वीस मायक्रॉनचा.

अशी समान आणि उलट चूक एकाच गोष्टीकडे बोट दाखवते: दोन अक्षांतला काटकोन बिघडला आहे. मीटरमागे ४० मायक्रॉनचा ढळ असेल तर हिशेब नेमका एवढाच येतो. लहान गोळ्यावर किंवा रिंगवर तो जवळजवळ दिसतच नाही.

पण पूल तर कुणी हलवलेला नव्हता. खरं तर तो काटकोन पहिल्यापासूनच पुरता काटकोन नव्हता. कुठल्याच सीएमएमचा नसतो. तिन्ही अक्षांच्या प्रत्येकी सहा चुका आणि त्यांच्यामधल्या काटकोनाच्या तीन, अशा एकवीस चुका लेझरने मोजून त्यांचा नकाशा बनवतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक वाचनातून त्या वजा करतं. काही यंत्रांत हा नकाशा कंट्रोलरमध्ये असतो. या जुन्या यंत्रात तो पीसीवरच्या एका छोट्या फाइलमध्ये होता. नव्या पीसीवर सॉफ्टवेअर आलं, फाइल आली नाही. स्वतःच्या वाकडेपणाची समजच यंत्राकडून काढून घेतली गेली, तरी ते पूर्वीच्याच आत्मविश्वासाने चौथ्या दशांशापर्यंत आकडे छापत राहिलं. या क्षेत्रातली बिघाडाची सर्वांत घातक जात हीच. बंद पडलेली सीएमएम कुणाचं नुकसान करत नाही, वेळेपलीकडे.

भंगारात जायला काढलेली हार्ड डिस्क सुदैवाने अजून कोपऱ्यात होती. तिच्यातून फाइल मिळाली, यंत्राच्या सीरियल नंबरशी पडताळली, जागेवर ठेवली. दोन्ही कर्ण दोन मायक्रॉनच्या आत जुळले.

"काका, आता पुढचे जॉब लावू?" मुलांनी विचारलं. आधी मागचे, काका म्हणाले. पीसी बदलल्यापासून मोजलेला आणि अजून हाताशी असलेला प्रत्येक जॉब पुन्हा टेबलावर आला. रिजेक्टमधले बरेच चांगले निघाले. पास ठरून गाडीत चढलेल्या मालासाठी मालकांनी ग्राहकाला स्वतः फोन केला आणि तो परत मागवला. फाइलच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या गेल्या. फाइलवरची तारीख मात्र बरीच जुनी होती, तेव्हा काकांनी लगेच पुण्याला फोन लावून लेझर कॅलिब्रेशनसाठी माणूस कधी मोकळा आहे ते विचारलं.