मालकी ठरवणारे क्रियापद

क्वांटम संगणकाच्या कंपन्या शेअरबाजारात उतरताना जी निवेदने प्रसिद्ध करतात, ती आम्ही अलीकडे आवडीने वाचतो. गुंतवण्याइतकी पुंजी आमच्यापाशी नाही; पण ज्याच्या अर्थावर कोट्यवधी डॉलर अवलंबून आहेत असा मजकूर साहित्याच्या शिक्षकाला सोडवत नाही.

'आयन-क्यू' ही अमेरिकन कंपनी २०१५ साली स्थापन झाली आणि २०२१ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आली. विद्युतक्षेत्रात अधांतरी धरलेल्या आयनांवर तिचा संगणक चालतो. ती विद्या मात्र मेरिलँड आणि ड्यूक या विद्यापीठांत वाढली, आणि त्यांच्या परवान्यावर कंपनी उभी राहिली. यातील काही संशोधन सरकारी पैशांतून झाल्याने त्यावर सरकारचेही हक्क असू शकतात, असे कंपनीनेच जोखमींच्या प्रकरणात नमूद केले आहे. गुंतवणूकदाराची धास्ती इथे सुरू होते: शोध लावणारा एक, पैसा देणारा दुसरा, परवाना वापरणारा तिसरा, मग मालक कोण?

या प्रश्नाची खोली कळावी असा खटला क्वांटमचा नाही, एचआयव्हीच्या चाचणीचा आहे. स्टॅनफर्डमधील एका संशोधकाने शोधांचे हक्क 'हस्तांतरित करण्यास संमत आहे' असे विद्यापीठाला लिहून दिले होते. पुढे सीटस या कंपनीत तो एक तंत्र शिकायला गेला, तेव्हा तिथल्या कागदावर शब्द होते 'याद्वारे हस्तांतरित करतो'. पहिले वचन, दुसरी प्रत्यक्ष कृती! २००९ साली अपील न्यायालयाने याच भेदावर बोट ठेवले आणि सीटसचा हक्क, जो पुढे रोश कंपनीकडे गेला होता, मान्य केला. १९८० च्या बाय-डोल कायद्याने हक्क आपोआप आपल्याकडे येतो, हा विद्यापीठाचा युक्तिवाद २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही नाकारला. शोध मुळात शोधकर्त्याचा. व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही ही हकीकत अवश्य सांगतो.

क्वांटमच्या क्षेत्रात एकच माणूस सकाळी प्राध्यापक आणि दुपारी कंपनीचा संस्थापक असू शकतो. त्याने कोणत्या कागदावर कोणते क्रियापद लिहून दिले, हे पाहिल्याशिवाय शहाणा वकील पैसे गुंतवू देणार नाही.

मालकी सिद्ध झाली तरी पेटंट टिकेल याची हमी नाहीच. अमूर्त कल्पना संगणकावर चालवली एवढ्याने तिला पेटंट मिळत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली 'अ‍ॅलिस' खटल्यात सांगितले. क्वांटम गणनपद्धती तर मुळात गणितच. यंत्राच्या भागांचे पेटंट त्या मानाने सुरक्षित. शिवाय अभ्यासकाला निबंध छापायची घाई असते. स्वतःच्या निबंधानंतर अर्ज करायला अमेरिका वर्षभराची सवलत देते, युरोप सहसा देत नाही. तिथे लेखकाचाच निबंध त्याच्या पेटंटाचा वैरी ठरतो.

आणि सहशोधकाचे नाव गळले तर? ती चूक दुरुस्त झाली नाही, तर अमेरिकेत पेटंट रद्द होऊ शकते. दुरुस्त झाली, तर तो सहमालक, वेगळा करार नसल्यास, इतरांना न विचारता वाटेल त्याला परवाना देऊ शकतो. म्हणून आम्ही वकिलांना सुचवू की त्यांनी प्रबंधांतील ऋणनिर्देशाची पाने आधी चाळावीत. ही कल्पना मुळात अमक्या विद्यार्थ्याने सुचवली, असे तिथे एखाद्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले असते.