टोब्लेरोनची तटबंदी

स्वित्झर्लंडहून परतलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून त्रिकोणी तुकड्यांचं टोब्लेरोन चॉकलेट निघालं नाही, असं सहसा होत नाही. त्याच त्रिकोणांचा नऊ-नऊ टनांचा काँक्रीटचा अवतार मात्र आपल्या सहलीच्या बसमधून दिसत नाही. बसला बर्फ गाठायची घाई असते.

जिनिव्हाहून लोझानकडे जाताना न्यों गाव मागे पडलं की प्रोमांतूझ नदी लागते. नदी म्हणायची एवढंच. कोकणात हिला वहाळ म्हणून मोकळे झाले असते. पण इथे एका बाजूला जुरा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सरोवर, मधे सपाट पट्टी. पश्चिमेकडून रणगाडे आले तर याच पट्टीतून येणार. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्विस सैन्याने नदीची घळ हाताशी धरली आणि डोंगराखालच्या बासँ गावापासून सरोवरापर्यंत, सुमारे १० किलोमीटर, असे २७०० त्रिकोणी ठोकळे रोवले.

ठोकळे अजून तिथेच आहेत! शेवाळ चढलंय, भेगांतून नेचे डोकावतायत, मधूनच एखाद्या झाडाने मूळ टेकवलंय. काढायचा खर्च करण्यापेक्षा लोकांनी कडेने पायवाट आखली. नांगर फिरला नाही, इमारती उठल्या नाहीत, त्यामुळे गावांच्या मधोमध रानाची एक पट्टी आपसूक राखली गेली. खाली सरोवराजवळ तर हीच रांग एका गोल्फच्या मैदानातून जाते. गुळगुळीत हिरवळीवर रणगाड्यांचा अडथळा आणि शेजारी पांढरे हातमोजे घातलेला खेळाडू. मी हसू आवरू शकलो नाही.

नुसत्या ठोकळ्यांनी रणगाडा कायमचा थांबत नाही, त्याला वेळ लागतो. तो वर चढू लागला की नाक आकाशाकडे जातं, पोटाचा पातळ पत्रा उघडा पडतो, नाहीतर साखळ्या हवेत फिरत राहतात. नेमक्या त्या क्षणी कुणीतरी तोफ डागायला हवी. ती सोय ग्लाँ गावात, रस्त्याकडेच्या एका गुलाबी बंगल्यात होती. व्हिला रोझ. खिडक्या, झडपा सगळं रंगवलेलं. भिंतींमागे काँक्रीट आणि आत रणगाडाभेदी तोफा. बाहेरून पाहून वाटावं, आत्ता कुणी आजीबाई फुलांना पाणी घालायला येतील.

मला सर्वांत जास्त दचकवलं ते नकाशाने. जिनिव्हा या रांगेच्या पलीकडे आहे, म्हणजे शत्रूच्या बाजूला. न्योंसुद्धा. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, देशाला जवळजवळ चहूबाजूंनी जर्मनी-इटलीचा वेढा बसला. जुलैत सेनापती आंरी गीझाँ यांनी रुट्लीच्या कुरणात अधिकाऱ्यांना गोळा करून आल्प्सच्या गाभ्यात ठाण मांडायचा बेत सांगितला. गीझाँ स्वतः ही रांग आहे त्याच व्हो प्रांताचे. शांततेचं माहेरघर म्हणून आपण ज्या शहराचं नाव घेतो, ते वाचवता येणार नाही हे या लोकांनी आधीच मान्य केलं होतं. तटस्थपणा एवढा हिशेबी असतो, याची मला कल्पना नव्हती.

हल्ला झालाच नाही. या ठोकळ्यांवर एकही रणगाडा चढला नाही.

व्हिला रोझ आता संग्रहालय आहे, पण रोज उघडं नसतं. जाणार असाल तर दिवस आधी पाहून ठेवा, आणि पायात चांगले बूट घाला. नदीकाठची वाट निसरडी आहे.