वाड्यातला मुक्काम



आमचा भंडारा जिल्हा तलावांसाठी आणि धानासाठी सर्वांना ठाऊक आहे. पण इथल्या जुन्या वाड्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. मोहाडी तालुक्यातले करडी आणि भोवतालची गावे मी नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ वर्षे फिरलो. धानाच्या पीककापणी प्रयोगाला गेले की काम लांबे, शेवटची एस.टी. निघून जाई आणि मुक्काम पडे. अशा वेळी मालगुजारांच्या जुन्या वाड्यांत राहण्याचा योग अनेकदा आला.

हे मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारे. 1860 नंतरच्या जमाबंदीत इंग्रज सरकारने त्यांना गावाची मालकी दिली. पुढे 1950 च्या कायद्याने ही पद्धत गेली. त्या वेळी भंडारा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले, म्हणून आज आपण त्यांना ‘माजी मालगुजारी’ किंवा ‘मामा तलाव’ म्हणतो. राहते वाडे मात्र त्या त्या कुटुंबांकडेच राहिले.

वाड्याची रचना साधी असते. मधोमध मोकळा चौक, चारी बाजूंनी ओसरी, ओसरीला सागाचे खांब, आत माजघर, देवघर आणि धानाच्या कोठ्या. भिंती मातीच्या आणि चांगल्या जाड. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. तेव्हाही दुपारी ओसरीवर डोळा लागतो. याचे कारण असे, की रात्री चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि थंड हवा खाली बसते. जाड भिंती दिवसाचे ऊन लवकर आत येऊ देत नाहीत. मोरोक्को देशातल्या जुन्या शहरांतही अशीच चौकाची घरे आहेत. तिथे आता प्रवासी पैसे मोजून राहतात. आपल्याकडे सासवडजवळच्या जाधवगडावर, पिलाजीराव जाधवरावांच्या गढीत, हॉटेल चालते.

करडीच्या बाजूला एका वाड्यात मी नेहमी उतरत असे. जेवायला भात, वरण, वांग्याची भाजी. “हॉटेलासारखे काही नाही जी आमच्याकडे,” असे वहिनी दर वेळी म्हणत आणि दर वेळी जास्तीचा भात वाढत. एका वर्षी मात्र घरात वेगळीच चर्चा चालली होती. थोरले भाऊ म्हणाले, “साहेब, कवेलू फेरायला माणूस मिळत नाही जी. खांबांना व्यापारी रोख पैसे देतो. धाकटा म्हणतो, विकून टाकू आणि दोन स्लॅबची घरे बांधू.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दर पावसाळ्याला गळणारे घर सांभाळणे सोपे नाही, आणि धाकट्याचाही त्यात वाटा होता. आजी एवढेच म्हणाल्या, “मग धान वाळवायला चौक कोणाचा मागायचा?”

शेवटी दोघा भावांनी मधला मार्ग काढला. मागचा पडका भाग उतरवला. त्यातले चांगले लाकूड पुढच्या भागाच्या दुरुस्तीला वापरले. मागच्या मोकळ्या जागेत धाकट्याने स्लॅबचे घर बांधले. चौक जागेवर राहिला आणि भावांचे बोलणेही टिकले.

ज्यांच्याकडे असा वाडा आहे, त्यांनी पाडण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करावा. पावसाचे पाणी पायाशी साचू देऊ नये. खांबाच्या बुंध्याशी वाळवीची माती दिसते का, हे दर वर्षी पाहावे. आणि जे ठरेल ते सर्व हिस्सेदारांच्या संमतीने, लेखी ठरवावे.

पाहुणे ठेवण्याचा विचारही करण्यासारखा आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले. केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. आपल्या जिल्ह्यात 2013 पासून कोका अभयारण्य आहे, आणि नागझिराही दूर नाही. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा भात वाढता येतो. पाहुण्याला स्वच्छ संडास, मच्छरदाणी आणि गाळलेले पाणी मिळाले की पुष्कळ झाले. पण हा जोडधंदा आहे. शेती सोडून त्यावर विसंबू नये, आणि त्यासाठी मोठे कर्जही काढू नये. सुरुवातीला एकच खोली नीट करावी. घरातल्या बायांवर कामाचा बोजा किती पडेल, हे आधी त्यांनाच विचारावे. त्या हो म्हणाल्या तरच पुढचे पाऊल टाकावे.