झील

देवळाली प्रवरात डिसेंबर आधी कानांतून येतो. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर राहुरी-श्रीरामपूरच्या दिशांना जात राहतात, जोडट्रॉल्यांच्या साखळ्या खुळखुळतात, ट्रॅक्टरवरची गाणी वळणावर एकदम मोठी होतात आणि उसाच्या हिरव्या अंधारात बुडून जातात. त्यांच्यामागून बैलांच्या घुंगुरमाळा संथपणे निघून जातात, आणि सगळं पार पडल्यावर उरतं ते पाटाचं पाणी, भंडारदऱ्याहून प्रवरेच्या कालव्याने इथवर चालत आलेलं. कारखान्यांच्या गव्हाणीत मोळ्या पडलेल्या असतात. थंडीला गोडसर, आंबूस वास असतो.

त्या वासात आमच्या तालमी चालायच्या.

मी विशीत होते. मंडळीतल्या तरुण मुलामुलींचं एक पथक होतं. नाताळ जवळ आला की वाड्या-वस्त्यांवर, मळ्यांत, जिथे दोन-चार घरं आपली असतील तिथे आणि जिथे एकही नसेल तिथेही, कीर्तन आणि त्याला जोडून ख्रिस्तजन्माचं छोटं नाटक घेऊन जायचं. पेटी टेम्पोत, ढोलकी मांडीवर, मागी लोकांचे सोनेरी मुकुट गोणपाटात गुंडाळलेले. मानधनाचा प्रश्न नव्हता. जिथे कीर्तन तिथे भाकरी. कुणाला हेरोद व्हायचं असे, कुणाला देवदूत. मला कीर्तनकाराच्या मागे उभं राहून झील धरायला मिळाली.

आणि ती मला पुरली.

झील धरणाऱ्याला श्रोत्यांचे चेहरे अर्धेमुर्धे दिसतात. पुरी दिसते ती पुढच्या माणसाची पाठ. आमच्या कीर्तनकार काकांची पाठ मी त्या हिवाळ्यांत वाचायला शिकले. उपरण्याखालचा उजवा खांदा जरासा वर गेला की सूर चढणार, मान किंचित झुकली की गाणं थांबून गोष्ट सुरू होणार, टाच जमिनीपासून सुटली की लय वाढणार. ते ओळ सोडायचे, आम्ही झेलायचो, पुन्हा त्यांच्या हवाली करायचो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ओळ त्यांचीच असे. मग केव्हातरी, टाळांच्या त्या न थकणाऱ्या किणकिणाटात, शब्दांवरचा अर्थ गळून पडे, उरे नुसती सुरांची ऊब, छातीच्या पिंजऱ्यात घुमत राहिलेली, आणि त्या उबेतून अर्थ नव्याने वर येई, ओला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. शब्बाथशाळेतली वचनं मला लहानपणापासून पाठ होती. विश्वास मात्र मला दुसऱ्याची ओळ परत परत म्हणताना सापडला.

माझ्या आजीचंही तसंच झालं असावं. तिला अक्षरओळख नव्हती. खुरपताना, दळताना, नातवंडं निजवताना ती भजनं म्हणायची, आणि मी मोठी होऊन उपासनेच्या पुस्तकात पाहिलं तेव्हा त्यातल्या कितीतरी भजनांखाली नारायण वामन टिळकांचं नाव होतं. आजीने टिळक कधी वाचले नव्हते. ती त्यांना गात आली होती.

राहुरी आमच्या तालुक्याचं गाव. तिथे टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ राहिले. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना ते दिवस समोर आले की मला त्या पानांवर आमच्याकडचं ऊन पडलेलं दिसतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचा, आणि अभंग त्याने मागे काठावर ठेवला नाही. त्याच्याही आधी, १८६०च्या दशकापासून, कृष्णराव सांगळ्यांसारख्या माणसांनी नगर भागात कीर्तनच उचललं होतं: तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, त्याच साक्या आणि दिंड्या, आख्यान मात्र येशूचं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, १८४२ पासून 'ज्ञानोदय' निघू लागला, शाळा झाल्या, दगडी चर्चं उभी राहिली. या सगळ्याचं ऋण मी मानते. पण ज्या माणसाने पहिल्यांदा हातात चिपळ्या घेऊन इथल्या बायाबापड्यांना ती गोष्ट त्यांच्याच चालीत सांगितली, त्याने बांधलेलं घर मला सगळ्यांत मोठं वाटतं. त्याला दार नव्हतं. आजी त्यात सहज शिरली.

आणि लक्ष्मीबाई! टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, आणि १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते महाकाव्य अपुरंच होतं. ज्या बाईला नवऱ्याने घरी बसवून अक्षरं शिकवली होती, जी त्यांच्या धर्मांतरानंतर किती वर्षं रडली, भांडली, दूर राहिली आणि मग आपल्या पायांनी चालत त्याच वाटेवर आली, तिने ते हाती घेतलं आणि पुढचे अध्याय रचत गेली. मागे उभं राहून मी अनेकदा तिचा विचार करायचे. पुढचा आवाज थांबला. झील धरणारी थांबली नाही.

एका वर्षी आम्ही ऊसतोडकऱ्यांच्या कोप्यांवर गेलो. बीड-पाथर्डीकडची टोळी होती. ओळीने कोप्या, मधे बैल, चुलींचा धूर जमिनीलगत साचलेला. कैसर औगुस्ताची दवंडी आमच्या नाटकात हलगीवर पिटली जायची, आणि दवाने हलगी पार सैल पडली होती. पाचटाचा ढीग पेटवला. आमचा हलगीवाला पोरगा जाळावर हलगी फिरवत राहिला, मधेच कानाशी धरून बोटाने टिचकी मारायचा, आवाज 'धब्ब' आला की पुन्हा जाळावर, पुन्हा टिचकी. कातडं तापत गेलं. शेवटी ती 'टण्ण' बोलली आणि कोप्यांतून माणसं बाहेर आली.

दवंडी झाली. नावनिशी लिहायची आहे, सर्वांनी आपापल्या गावी जावं. अंधारातून कुणीतरी म्हणालं, "कारखान्याचा पट्टा पडल्याबिगर कसं जायचं बाबा?" सगळे हसले, काका हसले, आणि त्या एका वाक्याने बेथलेहेमची वाट कोप्यांच्या मधून जाऊ लागली. योसेफ जागा मागत फिरला. मरीया पाचटावर बसली. मी कापडी बाहुली तिच्या हातात द्यायला वाकले, तेवढ्यात शेजारून एक तरुण बाई पुढे आली, माझ्याहून लहानच असेल, पदराखालचं बाळ तिने सोडवून माझ्यापुढे केलं.

"ताई, बाहुलं कशाला? हे घ्या की. आत्ताच प्यालंय, रडायचं न्हाई."

बाळ गरम होतं. त्याच्या टोपड्याला धुराचा आणि दुधाचा वास होता. माझ्या हातांवरून ते मरीयेच्या मांडीवर गेलं, काकांचा खांदा वर गेला, ओळ सुटली, आणि आम्ही ती झेलायच्या आत पलीकडून, चुलींच्या मागून, दहा-वीस गळ्यांनी ती झेलली. शब्द त्यांना नवे होते. चाल नव्हती. गावोगावच्या सप्त्यांत उभी राहिलेली ती माणसं. कुठे उचलायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. माझा आवाज त्यांच्या आवाजात कुठे मिसळला ते मला कळलं नाही, आणि त्या रात्री मला त्याहून मोठं काही हवंही नव्हतं.

पहाटे तीनला त्यांना फडात जायचं होतं, तरी कुणी उठेना. बाळ आईकडे परत गेलं. मग टोळीतले एक म्हातारबाबा घसा खाकरत म्हणाले, "आता आमचा एक घ्या."

काकांनी हातातल्या चिपळ्या त्यांच्यापुढे धरल्या आणि स्वतः मागे आमच्या रांगेत येऊन उभे राहिले. बाबांनी डोळे मिटून अभंग सुरू केला. मला तो येत नव्हता. पहिल्यांदा ऐकला, दुसऱ्यांदा ओठांत धरला, आणि तिसऱ्यांदा त्यांची टाच उचलली गेलेली दिसली तशी आम्ही सगळ्यांनी झील धरली.