बॉनेटची उंची

पाम बीच रोडवर सायकलवाले पहाटे बाहेर पडतात ते रस्ता मोकळा मिळावा म्हणून. रस्ता मोकळा असतो हे गाडीवाल्यांनाही ठाऊक असतंच. वाशीहून बेलापूरला जाणाऱ्या या सहापदरी रस्त्याला वेगमर्यादा आहे ताशी ६० किलोमीटर, आणि जो ती पाळतो तो मागच्याच्या शिव्या खातो.

२८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे याच रस्त्यावर, नेरूळजवळ, अवतार सैनी यांना एका कॅबने मागून उडवलं; ते वाचले नाहीत. सैनी ६८ वर्षांचे, चेंबूरचे रहिवासी. इंटेलच्या भारतातल्या कामाचे ते माजी प्रमुख. ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरवर त्यांनी काम केलं होतं, पेंटियमच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. बरोबर सायकलवाले मित्र होते. सायकल कॅबच्या पुढच्या चाकांखाली अडकलेली असतानाही चालकाने पळून जायचा प्रयत्न केला, असं तेव्हा पोलिसांच्या हवाल्याने छापून आलं. गुन्हा नोंदला गेला तो जुन्या दंड विधानाप्रमाणे. त्यात निष्काळजीपणाने जीव घेतल्याची कमाल शिक्षा दोन वर्षं होती. नव्या न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षं झाली.

त्या अपघातानंतर आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडला: मागे लाल दिवा लावा, चमकणारं जॅकेट घाला, एकेकटे जाऊ नका. सगळं बरोबर आहे आणि मी ते पाळतोही. पण याच रस्त्यांवर पेपरवाला असतो, पाववाला असतो, कॅरियरला इडलीचं पातेलं बांधून भोंगा वाजवत जाणारा अण्णा असतो. त्यांना ना ग्रुप, ना जॅकेट. आणि सगळ्या सूचना सायकलवाल्यालाच का?

एकदा बेलापूरच्या दिशेने डाव्या कडेने चाललो होतो. उजवीकडचे दोन्ही पदर रिकामे. तरी मागून हॉर्न, मग पुन्हा लांबलचक हॉर्न, आणि एक उंच एसयूव्ही इतकी खेटून गेली की तिचा आरसा माझ्या कोपराला घासला. पुढच्या सिग्नलला ती उभीच होती. काच खाली आली. ‘‘अंकल, मरना है क्या? गार्डन में चलाओ ना!’’ माणूस दारू प्यायलेला नव्हता, घाईतही दिसला नाही. त्याला मनापासून राग आला होता. रस्ता त्याचा आणि मी मध्ये आलेला, एवढंच त्याचं म्हणणं.

मला मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या गाडीचं तोंड जास्त लक्षात राहिलं. घरी आल्यावर इंचपट्टी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. वॉचमनने विचारलं, ‘‘साहेब, गाडी घेताय का?’’ साध्या हॅचबॅकच्या बॉनेटची पुढची कड माझ्या मांडीपाशी येत होती. शेजारच्या एसयूव्हीची कड पोटापाशी, जवळजवळ मीटरभर उंचीवर. पहिलीतल्या पोराच्या बाबतीत ती खांद्या-मानेशी येते.

हा फरक साधा नाही. बसकी गाडी पायांना धडकते आणि माणूस बहुतेक वेळा बॉनेटवर आदळतो. उंच, सपाट तोंडाची गाडी थेट छातीवर किंवा डोक्यावर आदळते, माणसाला पुढे फेकते, आणि मग तो चाकांखाली येऊ शकतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांना बसलेल्या जवळपास १८ हजार धडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बसक्या, उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. आणि आपल्या जाहिरातींत गाडी जितकी दांडगी, तितकी देखणी.

त्यावर आपण आणखी हौस करतो. पार्किंगमधल्या त्याच एसयूव्हीला पुढे जाड स्टीलच्या नळ्यांचा गार्ड होता; वेल्डिंगचे फुगीर सांधे, मधोमध देवाचं स्टिकर. गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का शोषतो. गार्डची नळी चेपत नाही, सगळा मार समोरच्याच्या हाडांवर देते. शिवाय ती थेट चासीला जोडलेली असल्याने एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो, म्हणजे आतल्यांनाही धोकाच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदा असल्याचं कळवलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन. तरी ॲक्सेसरीजच्या दुकानांत ते उघड टांगलेले दिसतात.

बॉनेटची उंची कारखान्यात ठरते, तिथे तुमचं-माझं काही चालत नाही. गार्ड मात्र चार बोल्टांवर असतो. तुमच्या गाडीला असेल, तर या रविवारी गॅरेजवाल्याला सांगून तो काढून टाका.