नॉर्वेच्या डोंगरात माझीच साखर उतरली



परदेशी फिरायला निघालेले पेशंट माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना फक्त पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून हव्या असतात. मी गोळ्या लिहून देतो आणि सोबत एक छोटं भाषणही देतो. खिशात साखर ठेवा, खाणं चुकवू नका आणि आपल्याला डायबेटिस आहे हे बरोबरच्या लोकांना सांगून ठेवा. हे भाषण मी गेली पंचवीस वर्षं देतोय. गेल्या जुलै महिन्यात नॉर्वेमध्ये मी स्वतः या तिन्ही गोष्टी धाब्यावर बसवल्या. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मला सहा वर्षांपासून टाइप २ डायबेटिस आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी रोज सकाळी घेतो. आम्ही कॉलेजचे चार मित्र सपत्नीक गेलो होतो. माझा डायबेटिस फक्त माझ्या पत्नीला माहीत होता. बाकीच्यांना का सांगितलं नाही? खरं कारण एकच, लाज. सगळ्यांना पथ्य सांगणारा डॉक्टर स्वतःच डायबेटिसवाला, हे ऐकून घ्यायची तयारी नव्हती.

युतुनहाइमेन म्हणजे राक्षसांचं घर. नॉर्वेतली सर्वांत उंच शिखरं याच भागात आहेत. इथे येंदे नावाचं लांबलचक तळं आहे. हिमनदीच्या बारीक गाळामुळे त्याचं पाणी हिरवट दिसतं. शेजारीच, पण जवळजवळ ४०० मीटर वर, बेसवात्नेत हे दुसरं तळं आहे, गडद निळं. या दोन तळ्यांच्या मधून जाणारा अरुंद कडा म्हणजे बेसेग्गेन. सकाळी बोटीने मेमुरुबूला उतरायचं आणि कड्यावरून चालत येंदेशाइमच्या मुक्कामाला परत यायचं. सुमारे १४ किलोमीटरचं अंतर, वाटेत १७४३ मीटरचा माथा, आणि सहा ते आठ तासांची चाल. दगडांवर लाल रंगात 'टी' काढलेला असतो, त्याच्या मागे जायचं. या खुणा आणि डोंगरातल्या अनेक विश्रामगृहांची व्यवस्था तिथली गिर्यारोहकांची संघटना बघते. ती १८६८ साली स्थापन झाली आहे.

मुक्कामी जेवणाची मजा काही औरच. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सगळे लांब टेबलांवर एकत्र बसतात. आधी सूप, मग मासा किंवा मांस आणि उकडलेले बटाटे, शेवटी गोड. बाजूला बसलेला माणूस अनोळखी असला तरी भांडं त्याच्याकडे सरकवायचं. रात्री साडेदहालाही बाहेर उजेड. सकाळी नाश्त्याच्या टेबलावरूनच दुपारचा डबा बांधून घ्यायचा आणि थर्मास भरून घ्यायचा. तिथलं तपकिरी चीजही चाखलं. दुधातलं उरलेलं पाणी आटवून आटवून ते करतात, त्यामुळे त्यातली साखर तांबूस होते. चवीला आपल्या खव्याची आठवण येते.

माझी चूक झाली ती या नाश्त्याच्या टेबलावर. आदल्या रात्री गोड जास्त झालं होतं, म्हणून सकाळी मी पथ्य पाळायचं ठरवलं. दोन अंडी, थोडा मासा, काकडी. ब्रेडला हात लावला नाही. पत्नी म्हणाली, "एवढं चढायचंय, दोन ब्रेड तरी घ्या." मी चिडून म्हणालो, "डॉक्टर मी आहे की तू?" आणि गोळी मात्र पूर्ण घेतली.

मेमुरुबूहून पहिलाच चढ खडा आहे. तासाभरात मला घाम फुटला. वाटलं, चढाचा घाम. मग हात थरथरायला लागले. वाटलं, थंडी असेल. एका मित्राने काहीतरी विचारलं आणि मी त्याच्यावर उगाच खेकसलो. तेव्हा पत्नीने मला दगडावर बसवलं, तिच्या बॅगेतून ग्लुकोमीटर काढला आणि बोटाला टोचलं. शुगर ५८.

माझ्या खिशात साखर नव्हती. ओस्लोत घेतलेलं एक चॉकलेट होतं. ते खाल्लं. पंधरा मिनिटांनी शुगर ६१. मागून येणाऱ्या एका नॉर्वेजियन आजी थांबल्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी थर्मासमधून काळ्या बेदाण्यासारख्या बोरांचं गरम, गोड सरबत ओतून दिलं. दोन कप प्यायलो. पंधरा मिनिटांनी शुगर ९६ झाली आणि डोकं ताळ्यावर आलं.

आता पुढे जायचं की मागे? मी अर्थातच "पुढे" म्हणालो. आजींनी माझ्या हातातलं चॉकलेटचं वेष्टन घेतलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला तिथले डोंगरात वागायचे नऊ नियम छापलेले असतात. त्यातल्या आठव्यावर बोट ठेवून त्यांनी अर्थ सांगितला. वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात कसली लाज नाही. बाकीचे पुढे गेले. मी आणि पत्नी डब्यातला ब्रेड खाऊन खाली उतरलो आणि बोटीने परत आलो.

नेमकं काय झालं?

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही, हे ते बघत नाही. त्याचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो. चढताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. वर नाश्त्यात पिष्टमय पदार्थ नाहीत. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर साखर उतरणारच. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

आणि चॉकलेट का चाललं नाही? त्यातल्या स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी साधी साखर लागते.

तुम्ही काय कराल?

१. शुगर ७० च्या खाली गेली, तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा घ्या. नंतर ब्रेड, बिस्किटं असं काहीतरी खा.

२. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर साधी साखर पटकन लागू पडत नाही. ग्लुकोजच जवळ ठेवा.

३. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल, तर थरथर आणि धडधड जाणवणार नाही. घामाकडे लक्ष ठेवा.

४. खूप चालल्यावर साखर त्या रात्रीही उतरू शकते. झोपण्यापूर्वी तपासा.

५. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि मदत बोलवा.

६. निघायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. रोज किती चालणार आहात ते सांगा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी मित्रांना सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. एक जण मात्र खरोखर रागावला. म्हणाला, "तू वर बेशुद्ध पडला असतास तर? आम्हाला उंचीचा त्रास वाटला असता. आम्ही तुझ्या तोंडात पाणी ओतत बसलो असतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री दोनला पत्नीने मला उठवून शुगर तपासली, तेव्हाही मी मुकाट्याने बोट पुढे केलं.

परत आल्यावर मी माझ्या डॉक्टरांकडे गेलो. हो, डॉक्टरलाही डॉक्टर लागतो. त्यांनी गोळी बदलली. बेसेग्गेनचा कडा राहिला आहे. पुन्हा जायचा विचार आहे. त्या वेळी खिशात ग्लुकोज असेल आणि बरोबरच्या सगळ्यांना माझा आजार माहीत असेल.

तुमच्या बरोबर चालणाऱ्यांना तुमचा आजार माहीत आहे का? नसेल, तर आजच सांगा.